शेळी

हॉस्पिटलच्या तळघरात माझं राज्य:
एकोणीस कपाटं, एक करकरणारी शिडी
आणि निम्म्या मनामाची दुखणी
क्रमांकवार लावलेली.

रात्री दोनला वॉर्डातली सिस्टर खाली येते,
करक चहाचे दोन कागदी कप घेऊन.
नाव सोरखा. पहिल्या दिवशी मला सुरेखा ऐकू आलं,
तेव्हापासून सुरेखाच. तिला चालतं.
जन्म ऑस्ट्रेलियातल्या बेंडिगोचा,
पण विचारलं की सांगते, आम्ही मूळचे आयर्लंडचे,
जसं आमच्या गल्लीतले सुतार
पाच पिढ्या इथं काढूनही
मूळचे घाटाखालचेच असतात.

ती एक बाई शोधतेय. ओनोरा हेफरनन.
बटाटा कुजला त्या वर्षांनंतर
बोटीत बसलेली.
बोटीच्या यादीत आहे:
वय एकोणीस, मोलकरीण,
वाचता येतं, लिहिता येत नाही.
बाप्तिस्म्याच्या वहीत आहे, लॅटिनमध्ये,
बापाच्या नावावर शाई सांडलेली.
तिसऱ्या कागदावर हेफरननचं हिफरान झालंय,
चौथ्यावर हॅफर्टी,
आणि लग्नानंतर ती नाहीच.
नवरा आहे. नवऱ्याची सोळा एकर आहे.
एक घोडीसुद्धा आहे, रंगासकट.

मी कारकून. मला त्या कारकुनाचं कळतं.
मी तिला माझं ओळखपत्र दाखवलं:
अरबीत ट नाही, प नाही, ड नाही.
टिपुगडे लिहायला बसलेल्या माणसानं
हाती लागेल त्या अक्षरांचं
तीबूगादी केलं. जेवायची वेळ झाली असेल.
शंभर वर्षांनी मला कोणी शोधलं
तर टिपुगडे इथं आलाच नव्हता,
आणि तीबूगादी कुणाचाच कोणी नाही.

ती खूप हसली. मग म्हणाली,
तुमच्याकडे कसले कागद असतात?

आमच्याकडे हेळवी येतो, मी सांगितलं.
सुगी झाली की बैलगाडीतून, आता टेम्पोतून.
गाव उठायच्या आत दारात उभा राहून
खणखणीत आवाजात सुरू करतो:
रामजीचा येसू, येसूचा भैरू, भैरूचे तिघं,
थोरला पटकीत गेला, मधला कुंभोजला घरजावई,
धाकट्यानं बांध कोरला, भावाशी बोलला नाही…
शेजारपाजार ऐकत असतं.
त्याला पायलीभर जोंधळं, एखादं लुगडं.
वही मात्र त्याची. आम्ही फक्त तिच्यातले.

आणि बायका?

मी शिडीवर होतो. फाईल हातातच राहिली.
'भैरूस मुली दोन'. एवढं असतं, म्हटलं.
चाळीस वर्षं ऐकत आलोय,
आणि मला हे शिडीवर कळलं.

सकाळी गुदैबियातल्या खोलीवरून फोन लावला.
हेळवी येऊन गेला का गं?
आला हुता की, आई म्हणाली.
तुझ्या बाच्या खाली तुला लिवलाय.
फुडं लिवलंय, 'आखातात गेला'.
मी म्हटलं, बाबा, दोन वर्सानं येतुय की त्यो!
तर म्हणतोय, तेवढी जागा न्हाई.
मग थोडा वेळ नुसती भांड्यांचा आवाज.
माझंबी नाव घाल म्हटलं.
त्यानं शेळी मागितली.

मग?

दिली. गाभण हुती.

रात्री सुरेखाला हे सांगितलं.
तिनं चहा तसाच ठेवला,
पिशवीतून त्या घोडीचा कागद काढला,
पुन्हा वरून खालपर्यंत वाचला, दोनदा.
वर तिसऱ्या मजल्यावर कुणाची तरी घंटी वाजत होती.
जाता जाता तिनं विचारलं,
नाव काय तुझ्या आईचं?

हौसाबाई.

तिनं ते तळहातावर लिहून घेतलं.
मी एकेक अक्षर सावकाश सांगत होतो,
तरी तिनं एक चुकवलंच.