दोन लाख अठरा हजार

असोळण्याच्या चर्चमागे, फणसाखाली ती उभी होती,
पांढरी, पुसून पुसून जरा निळसर झालेली.
मीटरवर दोन लाख अठरा हजार चारशे सहा.
"एवढ्यात पृथ्वीला पाच फेऱ्या होतात," मी म्हटलं.
"हिने मारल्यात त्या दाबोळी ते मोबोर,"
शाणू मिस्त्री म्हणाला, "आणि एसी कायम चालू."

साखळीहून त्याला मुद्दाम आणला होता,
तीन बस बदलून, वाटेत फोंड्याला पातळभाजी-पाव घालून.
आधी त्याने नुसता बॉनेटवर तळवा ठेवला.
गार होतं.
"तापवून ठेवलेली गाडी म्हणजे
पाहुण्यांसमोर हसणारं नवरा-बायकोचं जोडपं, बाई.
काही कळत नाही."

चावी फिरवली. धूर निळा, मग काळा, मग नाहीच.
तेलाच्या झाकणाखाली बोट फिरवून त्याने वास घेतला,
मग गवतात आडवा होऊन पान्ह्याने खालून ठोकत गेला:
टण, टण, टण,
थप.
त्या थपला आम्ही तिघेही गप्प झालो.
"खारें उदक," काएतान म्हणाला. "फेरीबोटीचेर उडटा."

मी माझी यादी काढली.
टायमिंग बेल्ट कधी बदलला, क्लच कितवा,
रेडिएटरचं पाणी तांबडं का.
तो उत्तर न देता आत गेला आणि वही घेऊन आला,
शाळेची, दोनशे पानी, रोमी अक्षरांत सगळं:
तेल, फिल्टर, तारीख, किलोमीटर,
दर दहा हजारांना एक ओळ.
एक लाख चाळीस.
त्याखाली एकदम एक लाख एकाहत्तर.

मी तिथे बोट ठेवलं.
अठरा वर्षं पंचायतीत बिलं तपासते आहे,
गाळलेली ओळ मला आधी दिसते.

"बांबोळी," तो म्हणाला. "सप्तकांत तीन दीस, डायलिसीस.
रातीं भाडीं, दिसा बांबोळी. तेल बदलूंक खंयचो वेळ?"
आणि मागच्या सीटवरची उशी उचलून काखेत घेतली.
ती गाडीबरोबर जायची नव्हती.

शाणूने मला फणसाच्या पलीकडे नेलं.
"एकतीस हजार जुन्या तेलावर. इंजिन असलं विसरत नाही.
चाळीस हजार धरून चाला. क्लच वेगळा."

मग मी पंधरा कमी करायला सांगितले.
हे लिहून ठेवते आहे, कारण तोंडाने सांगवत नाही.
काएतानने केले. हुज्जत घातली असती तर बरं झालं असतं.
नोटा दोनदा मोजल्या, त्यात माझ्याकडून एक जास्त गेली होती,
ती परत दिली.
निघताना खिडकीशी वाकला:
"सेकंड अडटा केन्ना केन्ना. बळ करूं नाकात.
मातशी राबात, घेता तें."

बोरीच्या पुलावर डाव्या चाकाकडून आवाज यायला लागला,
आडोळीवर कुणी नारळ खोवतंय तसा.
शाणू शेजारी पेंगत होता. डोळे न उघडता म्हणाला,
"बेअरिंग. बाराशे."
मी रेडिओ बंद केला.
वळणावर आवाज थांबायचा, सरळ रस्त्याला परत.
कानाला त्याची सवय होईतो फोंडा मागे पडलं.

उसगावच्या गतिरोधकावर सेकंड अडला.
मागे खनिजाचा ट्रक, हॉर्नवर हॉर्न.
शाणूचा हात गिअरकडे आला, मी तो बाजूला केला
आणि थांबले.