रिकाम्या जागेचं भाडं

बारीच्या धक्क्यावर सगळ्यात स्वस्त तिकिटाला
जागेचा नंबर नसतो.
डेक असतो, आणि डेकवर वारा.
माहीतगार माणसं बगलेत पुठ्ठा घेऊन येतात
आणि शिडी चढून पळत सुटतात धुराड्याच्या मागे,
जिथं इंजिनाची ऊब लोखंडातून वर येते.

पहिल्या खेपेला मी रात्रभर कुडकुडलो होतो.
ही नववी. माझा पुठ्ठा वॉशिंग मशीनचा आहे,
तिहेरी थराचा.

शेजारी बुकुरिये. सहा वर्षं ती मोल्फेत्तात
एका म्हाताऱ्याला भरवायची, पुसायची, कुशीवर वळवायची.
गेल्या मंगळवारी तो गेला.
म्हणजे मी सुटले, म्हणाली, म्हणजे माझं काम सुटलं,
आणि पिशवीतून उकडलेली अंडी काढली.
"मीठ आहे?"
मीठ होतं.
एवढ्या भांडवलावर आमची ओळख झाली.

समुद्र दिसत नव्हता. पाठीखाली ऐकू येत होता,
कुणीतरी मोठं पातेलं विसळतंय तसा.
(मी हॉटेलात भांडी घासतो. मला सगळं तसंच ऐकू येतं.)

सकाळी दुर्रेस. पुठ्ठे आम्ही तिथंच ठेवतो, धुराड्यामागे,
रात्री उलट जाणाऱ्यांसाठी.

फुर्गोनला वेळापत्रक नसतं. भरली की सुटते.
आठ जागा, सात माणसं,
आणि इल्बेर ड्रायव्हर बॉनेटला टेकून:
"एक माणूस आलं की निघालोच."
ते एक माणूस काही येईना.
पाऊण तास. सव्वा तास.
कुणाचं बाळ रडून झोपलं, उठून पुन्हा रडलं.
शेवटी बुकुरियेच म्हणाली,
त्या जागेचं भाडं आपणच भरू या की.
सातशे लेक, माणशी शंभर.
खिडकीजवळच्या माणसानं नाणी दोनदा मोजली
आणि देताना तोंड फिरवलं.
गाडी सुटली.

एल्बासान मागे पडलं. श्कुंबिन नदी
कधी डाव्या हाताला, कधी उजव्या.
लिब्राझ्दच्या पुढे रस्त्याच्या कडेला
एक म्हातारा खुर्चीवर बसलेला.
खुर्ची त्यानंच घरून आणलेली.
इल्बेरनं ब्रेक मारला. म्हातारा चढला, मागून खुर्ची चढली.
"प्रेन्यासपर्यंत? दोनशे."
म्हातारा रुमालाची गाठ सोडायला लागला.

"त्या जागेचं भाडं भरलंय," बुकुरिये म्हणाली.
"तुम्ही रिकाम्या जागेचं भरलंत," इल्बेर म्हणाला,
"माणसाचं नाही."
मग जी जुंपली!
रिकामी जागा विकत घेतली तर ती कुणाची,
बसवणाऱ्याची की न बसवणाऱ्याची,
आणि खुर्चीचं काय, ती तर सामान,
यावर तीन वळणं आणि एक बोगदा गेला.

म्हातारा गाठ तशीच धरून बसला होता.
मग त्यानं हळूच विचारलं,
"म्हणजे मी नेमका कुणाचा पाहुणा?"

गाडीत एकदम शांतता.
शंभर लेकचा पाहुणा कसा असतो,
सातव्या हिश्श्याचा,
हे आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.
"माझा," खिडकीजवळचा माणूस म्हणाला.
बाहेर बघतच म्हणाला.
म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवला, रुमाल खिशात घातला.
इल्बेरनं रेडिओ लावला. म्हणजे हरला.

खिंडीत मी उतरलो. इथून गाडी उजवीकडे,
तळ्याच्या काठानं पोग्रादेत्सला. मला डावीकडे, चालत,
सरहद्द ओलांडून स्त्रुगाला, बहिणीकडे.
खाली तळं इतकं निळं की
शिक्का मारणारा पोरगाही माझ्या पासपोर्टाऐवजी तिकडंच बघत होता.
"काही सांगण्यासारखं सामान?"
खिसे चाचपले. मिठाची पुडी
बुकुरियेकडेच राहिली होती.