खिळ्यावरची नळी

ही व्होल्वो माझ्याहून अठरा वर्षांनी थोरली.
एवेर्तमामाने ती मला जुन्या चेनसॉच्या भावात दिली
आणि पावतीवर लिहिलं:
दारं चार. उघडतात तीन.

जूनमध्ये आमच्या इथे, एल्वस्बीनला, रात्र होत नाही,
म्हणून हातातलं काम थांबवायला निमित्त सापडत नाही.
लाकूडगिरणीतून सुटले की मी थेट मामाच्या शेडमध्ये.

कुणीतरी सांगितलं होतं: गार हवा दाट असते,
दाट हवेत आग खडखडीत पेटते,
आणि बॉनेटखाली बिचारं इंजिन
बंद खोलीत तोंडावर पांघरूण घेऊन झोपल्यासारखं
गरम हवाच पुन्हा पुन्हा ओढत पडतं.
मला ते बघवेना.

सांडपाण्याचा करडा पाइप घेतला, पंच्याहत्तर मिलिमीटरचा.
दुकानदार म्हणाला, न्हाणीघर काढलंय का?
मी म्हटलं, हो.
पाइपात रेती ठासली, दोन्ही तोंडांत चिंध्या कोंबल्या,
हीटगनने शेकत शेकत वळवत गेले.
पहिला जळला.
दुसरा चेपला.
तिसरा वळला, जरा डावीकडे जास्तच,
पण बॅटरीला वळसा घालून
हेडलाइटमागच्या पोकळीपर्यंत पोचला एकदाचा.
तिथे वाऱ्याकडे तोंड करून फिल्टर बसवला.
उष्णता अडवायला पत्रा हवा होता,
तो आईच्या ब्रेडच्या साच्याचा कापला.
आई अजून साचा शोधते आहे.

जुनी हवापेटी काढताना तिच्या बुडाशी निघाली
एक चुरगळलेली, चंदेरी, कागदी नळी.
तिचं दुसरं टोक एक्झॉस्टच्या अंगाला.
"ही तर गरम हवा ओढते," मी मामाला दाखवली,
"मुद्दाम! कंपनीला काय वेड लागलं होतं?"
मामा बोलला नाही.
नळी घेतली, फुंकून धूळ उडवली,
दारामागच्या खिळ्याला टांगली.

वेग किती वाढला? घड्याळ लावून पाहिलं.
अर्धा सेकंद. तोही बहुधा पाठीमागच्या वाऱ्याचा.
पण आवाज!
पुलापुढच्या चढावर, चौथ्या गिअरमध्ये,
आधी नुसती घशातून बोलणारी गाडी
बेंबीच्या देठापासून बोलू लागली.
उन्हाळाभर मी विनाकारण पुलापलीकडे जात राहिले.

नोव्हेंबरात, गोठण्याआधी, नदी धुकं सोडते.
त्या धुक्यात, ऐन पुलावर, गाडी बसली.
दहा मिनिटं मी शिव्या घातल्या,
मग किल्ली फिरवली तर सुरू,
जसं काही घडलंच नाही.
आठवड्यात तीनदा.
प्लग बदलले. पेट्रोलचा फिल्टर बदलला.
हेनिंगच्या उबदार गॅरेजात तर ती
पाहुण्यांसमोरच्या मुलीसारखी शहाणी वागली.

चौथ्यांदा मी वाट पाहिली नाही.
कपाळाला दिवा बांधून बॉनेट उघडलं, पाइप उपसला,
कार्ब्युरेटरच्या घशात वाकून पाहिलं:
बर्फ.
आगीच्या यंत्रात, हातभर अंतरावर धग असताना,
जिभेवरच्या थरासारखा पांढरा बर्फ.
पाहता पाहता इंजिनाच्या उबेने तो सुटला,
एक थेंब झाला, आत उतरला.
पुरावा संपला.

मामा गंजिफ्रॉकवर कॉफी उकळत होता.
माझा चेहरा पाहिला आणि कंदील घेऊन पुढे झाला.
नळी खिळ्यावर होती तिथेच होती.
मी क्लॅम्प आवळत असताना
त्याने करडा पाइप उचलला, फुंकून धूळ उडवली,
मोकळ्या झालेल्या खिळ्याला टांगला.
"मे महिन्यापर्यंत," म्हणाला.
आणि जरा वेळाने, दुसरीकडे बघत:
"त्या चढावर, चौथ्यात... कसा येतो गं आवाज?"

मी तोंडाने काढून दाखवला.
रात्रीचे अकरा, बाहेर उणे नऊ.
त्याने नीट ऐकला.
मग कंदील खाली ठेवून स्वतः एकदा काढून पाहिला,
माझ्यापेक्षा खालच्या पट्टीत.