आज किल्ली

माहीमला कापडबाजाराच्या मागे एक बालवाडी आहे.
शनिवारी दुपारी ती आम्हाला फुकट मिळते,
जाताना वर्ग झाडून ठेवायच्या बोलीवर.
झाडतो भुवड. बाकीच्यांच्या हातात झाडू ठरत नाही.

खुर्च्या दीड वीत उंचीच्या, लाल-पिवळ्या.
पहिल्या दिवशी हौसेनं बसलो
आणि उठता येईना एकालाही.
नजमा परकार म्हणाली,
"सोमवारी पोरं आली की उठवतील."
तेव्हापासून बाईंच्या टेबलावर बसतो, दाटीवाटीनं, पाय सोडून.
समोर भिंतीवर अ अननसाचा.

डॉक्टर विचारतात, एक ते दहामध्ये किती?
भला माणूस आहे. मी सात म्हणते, तो सात लिहितो,
आणि त्या सातात कुठेच नसते
पहाटे साडेपाचची ती वेळ,
बोटं रात्रीतून कुणीतरी शिवून टाकलेली,
आणि पांघरूण ही एक वस्तू, जड,
कुणीतरी बाजूला सारायला हवी अशी.

इथे आकडे चालत नाहीत.
फ्लोरी कोलासो म्हणते, आज कुकर.
म्हणजे झाकण लागलं नाही,
डाळ तशीच भिजत ठेवून आली.
भुवड म्हणतो, पंच.
सत्तावीस वर्षं बेस्टमध्ये तिकिटांना भोकं पाडली त्यानं.
तो चिमटा कधीच गेला, यंत्रं आली,
अंगठा मात्र अजून तिथेच ड्यूटीवर आहे.
इंदुमतीबाईंची साडीची पिन.
लहान वाटते, पण पिन कधीकधी कुकरला भारी पडते.
मी म्हणते, आज किल्ली.
कुणी "म्हणजे?" असं विचारत नाही.
स्वतःच्याच दाराबाहेर,
शेजारचा मुलगा क्लासहून येईपर्यंत उभी असलेली मी
सगळ्यांना दिसते.

घरीही विचारतात, नाही असं नाही.
"दिसत तर काहीच नाही गं," म्हणते नणंद,
तेव्हा वाटतं, हात पुढे करून सूज दाखवावी,
नव्या पाटल्या दाखवतात तशी.
बँकेनं माझा चेक परत पाठवला, सही जुळत नाही.
ते सांगितलं तर इथे अर्धा तास हसले.
नजमाचे तीन परत आलेत.

नेहमी हसतोच असंही नाही.
मार्चमध्ये इंदुमतीबाई रडल्या.
नातवाला उचलता येत नाही म्हणून नव्हे,
त्यानं "उचल" म्हणायचं सोडलं म्हणून.
कुणी काही बोललं नाही.
भुवडनं उठून पंखा कमी केला.

मागच्या शनिवारी केतकी पागधरे आली. सव्वीस वर्षांची.
हात ओढणीखाली, आई फाटकाशी उभी.
आम्ही सगळे एकदम बोलायला लागलो,
ती गोळी आठवड्यातून एकदाच हं, रोज नाही,
सकाळी गरम पाण्यात हात बुडव,
नळाला लांब दांडीची तोटी बसवून घे,
आणि ती मान हलवत राहिली
चुकीच्या घरी पाहुणी आल्यासारखी.

मग नानकटाईचा डबा निघाला, आणि उघडेना.
सहा जणं, बारा हात.
डबा या मांडीवरून त्या मांडीवर फिरला,
भुवडनं कडेला चमचा घातला, तो वाकला.
केतकीनं ओढणी बाजूला केली,
डबा गुडघ्यांत धरला, दातओठ खाऊन जोर लावला.
नाहीच.
तेव्हा ती पहिल्यांदा हसली, आणि म्हणाली,
"माझं आज... रबर."
केसांचा. आई बांधून देत होती, हिनं नको म्हटलं होतं.

इंदुमतीबाईंनी दोन्ही तळव्यांत केस धरले,
नजमानं रबर तर्जन्यांवर ताणला, एक फेरा मी घातला,
दुसऱ्याला तो सुटून अननसावर जाऊन आपटला.
फ्लोरी नुसत्याच सूचना देत होती.
पाव तास लागला. शेपटी डाव्या कानाकडे गेली.
आईला कुणी हाक मारली नाही.

डबा टेबलाखाली ठेवून आलो.
सोमवारी पोरं उघडतील.