चौथी फळी

गेमसाठी एक होडी केली मी,
आचऱ्याला, मामाच्या माडीवर.
होडी म्हणजे नुसते आकडे:
जाडी, ओल, घनता, खिळे किती नि कुठे.
ध्वनिमुद्रण एकही नाही.
खेळणारा जिथे ठोकेल, जेवढ्या जोराने,
तेवढाच आवाज त्या क्षणी जन्मतो,
पुन्हा तसाच होत नाही.

भिवा मेस्तांना म्हटलं, ऐका जरा.
हेडफोन नको म्हणाले, कानात तेल होतं.
माऊस धरला रंधा धरावा तसा
आणि नाळीपासून सुरुवात केली.
टक्. टक्.
"फणस?"
फणसच टाइप केला होता मी.
टक्. टक्. टक्.
थांबले. मागे आले. पुन्हा तिथेच.
"हय कुसली हा. चौथी फळी."

मी हसले. कुजायला लाकूड आहे कुठे?

ते गेल्यावर पाहिलं:
चौथ्या फळीच्या ओळीत दशांशचिन्ह
एक घर सरकलेलं. ओल दसपट.
तीन महिने कुणाच्याच कानाला लागलं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी एकदाच ठोकलं.
"आता बरी."
मग जिन्यावरून,
"कोण खेळना नाय तेवा तुजो समुद्र वाजता?"
नाही, म्हटलं, ऐकणारा नसला की गणित थांबतं.
"मगे स्वस्तात पडता,"
आणि कठड्यावर दोन बोटं मारत उतरले.

खाडीला ओहोटी लागली होती.
कुजक्या फळीची एक प्रत
मी वेगळ्या नावाने जपून ठेवली.
कधीतरी होडी बुडवावी लागेलच.