पासून, पर्यंत

आष्ट्याच्या नगरपालिकेत, सभागृहाच्या दारावर
अध्यक्षांच्या नावांचा काळा फळा होता.
नावं मी लिहायचो. दस्तगीर पेंटर.
दोन नंबरचा ब्रश, पिवळा ऑइल पेंट, फूटपट्टी,
आणि खाली स्टूल धरायला शिपाई गणू.

पायगोंडा आडमुठे. चौथीपर्यंत एका बाकावरचे आम्ही.
हे नाव त्याआधी चुन्यानं, गेरूनं किती लिहिलं असेल
गिरणीच्या भिंतीवर, तालमीच्या मागं,
शेजारी कपबशी काढून.
पहिल्यांदा पडला. भिंत मीच पुसली.
दुसऱ्यांदा नऊ मतांनी आला,
आणि कपबशीचा कान वाकडा काढला म्हणून
चहाला बोलावून मला सुनावलं.

फळ्यावर त्याच्या नावापुढं ‘पासून’ भरलं,
‘पर्यंत’ची जागा सोडली.
ती मोकळी जागा तो येता-जाता बघायचा,
घरात पाहुणा बसलाय
आणि कधी उठणार ते विचारता येत नाही, तसा.

पाणी मुल्ला गल्लीत आलं, पहाटे चारला का होईना.
अडीच रुपयांच्या ब्रशाला त्यानं
माझ्याकडं तीन कोटेशनं मागितली.
स्टँडजवळची चिंच मात्र तोडली,
तिथं चोवीस गाळे बांधले.
शटरांवर एक ते चोवीस आकडे मी घातले.
सतराच्या पुढचे कधी उघडलेच नाहीत.
त्या बाजूनं जाताना तो छत्री उघडायचा,
ऊन नसलं तरी.

अविश्वास ठराव. अकरा विरुद्ध सहा.
अकरांत त्याचा साडू.
संध्याकाळी बोलावणं आलं: “दस्तगीर, पर्यंत भर.”
वीस रुपये खिशातनं दिले, पावती घेतली,
वाळलंय का बघायला अंगठा टेकला.
वाळलं नव्हतं.

मग सांगलीच्या एका बुडालेल्या पतसंस्थेवर
सरकारनं त्याला प्रशासक नेमलं.
चेअरमन फरार, पंखेसुद्धा जप्त.
‘प्रशासक’ ही पाटी मी फुकट रंगवायला निघालो,
कारण माझे चार हजार तीनशे आत होते.
त्यानं पाटीचे पैसे मोजून दिले
आणि मला रांगेत उभं केलं. नंबर सहाशे बारा.
“रांग ती रांग.”
दोन वर्षांनी रक्कम मिळाली, व्याज सोडून.
त्या दोन वर्षांत मनातल्या मनात
त्याला काय काय बोललो,
ते भिंतीवर लिहिण्यासारखं नाही.

तो गेला तेव्हा चौकात फ्लेक्स लागला.
आडमुठेतला ‘मु’ दीर्घ.
ब्रश घेऊन गेलो, पण फ्लेक्स रंग धरत नाही,
ओघळतो.

पालिकेची इमारत नवी झाली. काळा फळा
गोडाऊनमध्ये, फवारणीच्या पंपामागं पडलाय म्हणतात.
परवा गेलो होतो. म्हटलं, एकदा बघू दे,
‘पर्यंत’च्या आकड्यावर अंगठा आहे का अजून.
कारकून म्हणाला, अर्ज करा.
त्यानंही हेच सांगितलं असतं.
कागद घेतला, बाकावर बसलो.
‘विषय’च्या पुढं काय लिहावं,
ते काही सुचलेलं नाही.