तारण: काही नाही

दुलुथच्या कोर्टात, चौथ्या मजल्यावर,
खिडकीमागच्या ओडेगार्डबाईंनी आधीच सांगून टाकलं:
कागद दाखवीन. अर्थ सांगायची मला परवानगी नाही.

संगणकात बाबांचं नाव निघालं.
कोस्केला, आर्विड. पुढे एक लांबलचक आकडा,
साल सत्त्याऐंशी, प्रकरण बंद.
एवढंच. उरलेले बाबा
दुसऱ्या एका शहरात, सरकारी गोदामात, खोक्यात.
खोक्याचा नंबर त्यांनी चिठ्ठीवर लिहिला,
पैसे घेतले, म्हणाल्या पंधरा दिवस.

बावीस लागले.

घरात तो शब्द कुणी उच्चारत नसे.
आई म्हणायची, "दुकान होतं तेव्हा"
किंवा "दुकान नव्हतं तेव्हा",
आणि या दोहोंच्या मधून आम्ही सगळे
पातळ बर्फावरून चालावं तसे चालायचो.
दिवाळं वाजतं म्हणतात.
आमचं वाजलं नाही. एके दिवशी पाटी उतरवली
आणि तिच्या मागचा भिंतीचा रंग
नव्यासारखा निघाला, इतकंच.
इथे मात्र सगळं उघड्यावर होतं इतकी वर्षं,
कुणीही यावं, मागावं, वाचावं.
बाहेरच्या नोंदवहीत माझ्याआधी एकही सही नाही.

टाइपरायटर जुना असावा. प्रत्येक शून्य
वरच्या बाजूला किंचित उघडं.
मासोळ्यांच्या टाक्या, चार, पैकी एक गळकी.
बर्फाला भोक पाडायचं गिरमिट, साठ डॉलर.
जिवंत मासोळ्या, सुमारे नऊशे, किंमत शून्य.
लग्नाची अंगठी, पंचाहत्तर;
तिच्यापुढे खूण, म्हणजे ही जप्तीतून वगळावी अशी विनंती
(एवढं मला मागच्या पानावरच्या सूचनांवरून कळलं).
कुत्रा, एक, म्हातारा.
त्याच्या किमतीच्या रकान्यात
आधी काहीतरी लिहून खोडलंय.

का बुडालात, असं कुठल्याच पानावर विचारलेलं नाही.
मला ठाऊक होतं. त्या हिवाळ्यात
तळ्यांनी बर्फ धरलाच नाही.
बर्फ नाही तर भोक नाही,
भोक नाही तर गळ नाही, आणि गळच नाही
तर आर्विडच्या मासोळ्या कोण घेणार.

मग देणी. आधी तारण असलेली: बँक, बँक, ट्रक.
मग तारण नसलेली: तेलवाला, दाताचा डॉक्टर,
मासोळ्या पुरवणारा क्नुटसेन,
ज्याच्याशी बाबा नंतर चर्चमध्येही बोलत नसत.
शेवटच्या पानावर, क्रमांक सतरा:
कोस्केला, मेर्या. पत्ता आमचाच.
त्रेचाळीस डॉलर. हातउसने, डब्यातून.
तारण: काही नाही.

मी दहा वर्षांची होते.
डबा बिस्किटांचा होता, झाकणावर रेनडिअर.

बाईंना विचारलं, हे का लिहिलं असेल त्यांनी?
त्या बराच वेळ पान बघत राहिल्या.
सगळी देणी लिहायची असतात, म्हणाल्या. शपथेवर.
पुढे काही बोलणार होत्या, बोलल्या नाहीत.

शेवटी एक पान, न्यायाधीशाची सही:
वरील देण्यांतून या माणसाची सुटका झाली आहे.
म्हणजे माझ्यापासूनही.
सोबत टपालाची यादी, धनकोंना कळवल्याची. तिच्यात माझं नाव.
दहाव्या वर्षी माझ्या नावावर कोर्टाचं पाकीट आलं होतं
आणि ते मी कधीच पाहिलं नाही.
आईनं चुलीत टाकलं असेल. किंवा नसेल.

शनिवारी सकाळी माझ्या ताटलीखाली एक डॉलर असायचा.
मी त्याला खाऊचे पैसे समजायचे.
किती शनिवार, ते मोजले नाहीत.
बाबांनी ते थांबवलं, की
मीच शनिवारी घरी थांबेनाशी झाले,
तेही आता सांगता यायचं नाही.
त्याची नोंद कुठल्याच खोक्यात नाही.

पानाला अर्धा डॉलर.
मी सतराव्या क्रमांकाच्या पानाच्या दोन प्रती घेतल्या.
दुसरी कुणासाठी, हे ओडेगार्डबाईंनी विचारलं नाही.
मीही अजून ठरवलेलं नव्हतं.